कालवेवाल्या ड्यूकच्या काठाकाठाने

मंगळवार : स्ट्रेटफर्ड, कॅसलफील्ड

लेक तीन वर्षं फोनवर सांगत होती, "घरामागे पाणी आहे बाबा, बदकं येतात, छान वाटतं." आम्ही धरून चाललो की तळं असेल. मँचेस्टरला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटेच झोप उडाली, म्हणून मागच्या गल्लीतून बाहेर पडलो, तर समोर कालवा! काठोकाठ भरलेला, सरळ, कडांना दगडी पिचिंग, आणि पाण्याला ओढ जवळजवळ नाहीच. मी तीस वर्षं गोदावरीच्या कालव्यांवर काढली आहेत, शाखा अभियंता म्हणून लागलो आणि उपअभियंता म्हणून सुटलो. विमानाचा शीण तिथेच उतरला.

सेलच्या दिशेने थोडं पुढे गेलं की हा कालवा मर्सी नदीच्या खोऱ्यातून उंच भरावावरून जातो. मी सवयीने काठ सोडून भरावाच्या पायथ्याशी उतरलो. कालव्याची तब्येत वरून कळत नाही, खालून कळते. एका जागी गवत जरा जास्तच तरारलेलं दिसलं. बुटाने दाबलं तर पचक. परातीएवढी ओल. पाणी मात्र नितळ होतं, गढूळ नव्हतं, म्हणजे माती वाहून जात नव्हती. तरी मनात नोंद झालीच.

घरी येऊन हे सांगितलं तर ही म्हणाली, "अहो, आपण पाहुणे आलोय. इथला पाझर इथले लोक बघतील की."

नाश्त्याला जावयांनी कालव्याची कुळकथा सांगितली. ब्रिजवॉटर कॅनॉल. फ्रान्सिस एगर्टन नावाच्या तिसऱ्या ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरने तो काढला, जन्म १७३६, मृत्यू १८०३. ऐन तारुण्यात त्याचं लग्न ठरलं होतं एलिझाबेथ गनिंगशी. आयर्लंडहून आलेल्या दोन बहिणी, रूपापायी लंडनमध्ये रस्त्यात गर्दी व्हायची म्हणे. धाकट्या एलिझाबेथने १७५२ मध्ये ड्यूक ऑफ हॅमिल्टनशी मध्यरात्री लग्न केलं, इतक्या घाईत की पडद्याची कडी काढून अंगठी म्हणून घातली. सहा वर्षांत तो गेला. मग आपल्या ड्यूकशी ठरलं, आणि १७५८ च्या अखेरीला मोडलं. थोरल्या बहिणीच्या भानगडी गावभर झालेल्या, तिच्याशी संबंध तोड म्हणून यानं अट घातली, तिनं मानली नाही. ड्यूक लंडन सोडून लँकेशायरला आपल्या कोळशाच्या खाणींवर येऊन बसला, पुन्हा कोणा बाईच्या वाटेला गेला नाही आणि कालवा काढला.

"बघा," ही म्हणाली, "प्रेमभंगातून कालवा."

मी म्हटलं, प्रेमभंगातून फार तर कविता होते. कालव्याला सर्व्हे लागतो, मंजुरी लागते, जमीन लागते, आणि मुख्य म्हणजे पाणी लागतं. आमचा हा वाद पुढे आठवडाभर चालला.

दुपारी ट्रामने मँचेस्टरला. ट्रामचे रूळ बराच वेळ कालव्याला चिकटूनच जातात. डीन्सगेट-कॅसलफील्डला उतरलं की कालव्याचं शेवटचं टोक. जुन्या लाल विटांची गोदामं, डोक्यावर लोखंडी रेल्वेपूल, खाली हॉटेलांची टेबलं. ही गर्दी बघून घ्यावी आणि सोडून द्यावी. बघण्यासारखी एकच जागा आहे, एका पडक्या गोदामाची पुन्हा उभारलेली दर्शनी भिंत. इथे नावा थेट तांबड्या खडकाच्या टेकडीत शिरायच्या. कोळसा नावेत सुट्टा नसे, लाकडी पेट्यांत भरलेला असे. वरून विहिरीसारखा उभा बोगदा खणलेला, आणि पाण्यावर फिरणाऱ्या चाकाच्या जोरावर ती पेटीच्या पेटी वरच्या रस्त्यावर उचलली जायची. आज आपण कंटेनर म्हणतो ते हेच. पूर्वी गावात कोळसा घोड्यांच्या पाठीवर यायचा, नाहीतर नदीमार्गावरच्या कंपनीला जकात देऊन. कालवा आला आणि कोळशाचा भाव निम्म्यावर उतरला. कापसाच्या गिरण्यांचं हे गाव त्या कोळशावर वाढलं.

बुधवार : वर्स्ली

सगळ्या प्रवासातला सोन्याचा दिवस हाच. लेकीने गाडीने सोडलं. एम-६० नावाचा महामार्ग गावाच्या उशाशीच घरघरत असतो, तिकडे कानाडोळा केला तर वर्स्ली चित्रासारखं आहे. काळ्या-पांढऱ्या लाकडी चौकटींचं पॅकेट हाउस, त्यासमोर पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. इथून मँचेस्टरला उतारूंच्या नावा सुटायच्या. घर १७६० चं असलं तरी ते नक्षीदार तोंड १८५० च्या सुमाराचं, म्हणजे ड्यूकनंतरच्या पिढीचा साजशृंगार.

आणि कालव्याचं पाणी? नारिंगी! मी वाकून ओंजळीत घेतलं. गेरू कालवल्यासारखं. हिला वाटलं कारखान्याचं सोडलंय. नाही, हे खाणीतलं लोह. तीनशे पावलांवर डेल्फ नावाची जुनी दगडखाण आहे, एक खोलगट, झाडीने झाकलेला खड्डा. त्याच्या कड्याला पाण्याच्या पातळीवर दोन काळी तोंडं आहेत. बुटकी, माणूस होडीत बसला तर डोकं वाकवावं लागेल अशी. तेवढ्याच दोन भोकांतून आत ७४ किलोमीटर कालवे आहेत, जमिनीखाली, चार वेगवेगळ्या पातळ्यांवर. वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर नाव उतरवायला १७९७ मध्ये आत उताराची घसरगुंडीही केली होती. तिथे मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. हिने जवळच्या बाकावर बसून अर्धं पुस्तक संपवलं.

माझं म्हणणं मला या भोकांपाशी सापडलं. कोळशाच्या खाणीचा मोठा वैरी पाणी. खोल जाल तसं पाणी साचतं, ते काढायला डोंगराच्या पायथ्यातून आडवा बोगदा मारतात. वर्स्लीला असे पाणी काढायचे बोगदे ड्यूकच्या आधीपासून होते. ड्यूकचा कारभारी जॉन गिल्बर्ट याच्या डोक्यात आलं ते असं, की हाच बोगदा रुंद करा, त्याच पाण्यावर नावा आत न्या, कोळसा खाणीतच नावेत भरा, आणि बाहेर पडणारं पाणी पुढच्या कालव्याला द्या. एका कामात तीन कामं. खाण कोरडी होते, कोळसा वर ओढावा लागत नाही, आणि कालव्याला बारमाही पाणी मिळतं. आमच्याकडे कालव्याच्या डोक्याला धरण असतं. इथे कालव्याच्या डोक्याला खाणीचा त्रास होता आणि तोच त्यांनी धरणासारखा वापरला. अशी युक्ती प्रेमभंगातून सुचत नाही, रोज चिखल तुडवणाऱ्या माणसाला सुचते.

पुरावाही होता. या ड्यूकच्या बापाने, पहिल्या ड्यूक स्क्रूपने, वर्स्लीचा ओढा नावांसाठी खोल करायची परवानगी पार्लमेंटकडून १७३७ मध्येच मिळवली होती. तेव्हा आपला नायक एक वर्षाचा. काम झालं नाही, कागद राहिले.

"पण मोडलं नसतं लग्न तर हा इथे राहायला आला असता का?" हिने विचारलं.

याला उत्तर नव्हतं. मी पाण्याकडे बघत राहिलो.

या माणसाचं लहानपण वाचलं की गलबलतं. आठ वर्षांचा असताना बाप गेला. आई रेचल, ड्यूक ऑफ बेडफर्डच्या घराण्यातली, तिने त्याच वर्षी दुसरं लग्न केलं. भाऊ क्षयाने एकामागून एक गेले, आणि १७४८ मध्ये दुसरा ड्यूक जॉनही गेला. उरला हा, अकरा-बारा वर्षांचा, हडकुळा, अशक्त, घरच्यांच्या मते मंदबुद्धी. याला वारसाहक्कातून वगळावं का, असा विचारही झाला होता. मग पालकांनी रॉबर्ट वुड नावाच्या विद्वानाबरोबर युरोपच्या सफरीवर पाठवला. दक्षिण फ्रान्समध्ये या मुलाने लांगडॉकचा कालवा पाहिला, भूमध्य समुद्राच्या बाजूचा, डोंगर ओलांडणारा. आपल्याकडे एखाद्या पोराला सहलीत धरण दाखवावं आणि ते त्याच्या डोक्यात कायमचं बसावं, तसं झालं असणार.

नावांना इथे 'स्टार्वेशनर' म्हणतात. उपाशी नाव. लांब, चिंचोळी, आणि आतल्या आडव्या लाकडी फासळ्या दुष्काळातल्या बैलाच्या बरगड्यांसारख्या उघड्या. नाव ठेवणाऱ्याने बरोबर ठेवलंय. अंधारात त्या हाताने ओढायच्या, छताला बसवलेल्या कड्यांना धरून. १८४२ च्या कायद्याने बंदी येईपर्यंत या खाणींत बाया आणि मुलंही होती. माहितीफलकावर हे एका ओळीत येतं, पॅकेट हाउसच्या नक्षीला मात्र अख्खा परिच्छेद.

पाऊण वाजता आम्ही मुद्दाम सेंट मार्क्स चर्चपाशी जाऊन उभे राहिलो. गोष्ट अशी आहे. ड्यूकचे कामगार दुपारच्या जेवणावरून उशिरा यायचे. विचारलं तर म्हणायचे, एकाचा ठोका एकच पडतो, आम्हाला ऐकूच आला नाही. ड्यूकने घड्याळ्याला बोलावलं आणि एक वाजता तेरा ठोके बसवून घेतले. ते घड्याळ पुढे या चर्चमध्ये आलं. एक वाजला. मी बोटावर मोजत होतो, ही मनात. अकरा, बारा, तेरा. शेजारून जाणारी कुत्रेवाली बाई आमच्याकडे बघून हसली. तिला रोजचं असेल.

संध्याकाळी हिच्या हट्टाखातर जवळच्या ब्रिजवॉटर बागेत. २०२१ मध्ये उघडलेली प्रचंड बाग आहे, ड्यूकच्या वारसांनी बांधलेल्या आणि आता नसलेल्या हवेलीच्या आवारात. बाग सुंदर, तिकीट सणसणीत. गंमत एवढीच की या ड्यूकला फुलांचा राग होता. एकदा लंडनहून परत आला, तर कोणी अंगणात फुलझाडं लावलेली. यानं काठीने त्यांची मुंडकी उडवली आणि झाडं उपटून टाकायला लावली, अशी कथा आहे. घरात बाई नोकर म्हणून चालत नसे, तपकीर मात्र मूठ-मूठ ओढायचा. त्याच्याच नावाने आज तिथे गुलाबांचे ताटवे.

गुरुवार : बार्टन

सकाळी भुरभुर पाऊस. बसने बार्टनला. जागा रुक्ष आहे, पण ज्याने कधी ओढ्यावरून पाट नेलाय त्याने इथे टोपी काढावी.

वर्स्ली ते मँचेस्टर मध्ये इरवेल नदी आडवी येते. सरळ मार्ग म्हणजे पाण्याच्या पायऱ्या, म्हणजे लॉक, बांधून नदीत उतरा, पलीकडे पुन्हा चढा. ड्यूकचा माणूस जेम्स ब्रिंडली म्हणाला, उतरायचं नाही, पातळी सोडायची नाही, कालवाच नदीवरून न्यायचा. तीन दगडी कमानींचा पूल, नदीपासून ३९ फूट उंच, खालून शिडाच्या नावा जातील असा. एका नामांकित अभियंत्याला मत विचारलं, तर तो म्हणाला म्हणे, हवेतल्या किल्ल्यांबद्दल ऐकलं होतं, ते कुठे बांधणार ती जागा आज पाहिली.

ब्रिंडली गिरणीची चाकं दुरुस्त करणारा मिस्त्री. लिहिता-वाचता जेमतेम. नकाशे डोक्यात. एखादं कोडं सुटेना की दिवस दिवस अंथरुणात पडून राहायचा आणि उत्तर घेऊन उठायचा. पार्लमेंटच्या समितीपुढे चीजचा मोठा गोळा कापून त्यानं पुलाचा नमुना दाखवला, अशीही गोष्ट सांगतात. कालव्यातून पाणी गळू नये म्हणून त्याचा मंत्र एकच होता, 'पडल' माती. चिकणमाती आणि वाळू पाणी घालून तुडवायची, थर द्यायचा, पुन्हा तुडवायची. आमच्याकडे धरणाच्या गाभ्याला काळी माती अशीच धुम्मसाने ठोकायचे. मला तो शब्द इथल्या फलकावर बघून घरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

पण पुलाची गोष्ट सरळ नाही. कमानींवर मातीचं ओझं चढलं, पाणी सोडायची वेळ आली आणि एक कमान दबायला लागली. ब्रिंडलीचा धीर सुटला. तो सरळ स्ट्रेटफर्डला जाऊन पडून राहिला. हो, आमच्या लेकीच्या स्ट्रेटफर्डला! मागे गिल्बर्टने कमानीवरचं जादा ओझं काढलं, मातीचे थर कमी करून नव्याने घातले, आणि १७ जुलै १७६१ ला पाण्याने भरलेल्या पुलावरून पहिली नाव गेली. ड्यूक तेव्हा पंचवीस वर्षांचा. इतिहासात पूल ब्रिंडलीचा झाला. गिल्बर्टचं नाव किती जण घेतात? साइटवर उभा राहून रात्र काढणाऱ्याचं असंच असतं. मी दोन्ही प्रकारच्या साहेबांच्या हाताखाली काम केलंय, म्हणून बोलतो.

तो दगडी पूल आता नाही. १८९० च्या दशकात नदीच्या जागी मँचेस्टर शिप कॅनॉल आला, समुद्रावरची जहाजं आत यायची होती, कमानी आड आल्या. जुन्या पुलाची एक कमान तेवढी रस्त्याच्या कडेला जपून ठेवली आहे. त्याच्या जागी बसवलेला पूल जगात एकच आहे, फिरणारा जलसेतू. पाण्याने भरलेली शंभर मीटरची लोखंडी कुंडी, दोन्ही टोकांना दारं. जहाज आलं की कुंडीची दारं बंद, काठाची दारं बंद, आणि आतल्या आठशे टन पाण्यासकट तो अख्खा पूल मधल्या बेटावर काटकोनात फिरतो. जहाजं आता क्वचितच. आम्ही दीड तास छत्री धरून थांबलो, पूल काही फिरला नाही. पण दाराच्या फटीतून पाणी झिरपत होतं, अगदी बारीक, सुतासारखं. एकशे तीस वर्षांच्या रबरी-लाकडी सांध्यातून एवढंसं. मी फोटो काढला. ही म्हणाली, "तुम्ही ताजमहालाचाही पाझराचाच फोटो काढाल."

शुक्रवार : डनहॅम, रनकॉर्न

जावयांनी सुटी घेतली. १ जानेवारी २०२५ ला, मुसळधार पावसानंतर, डनहॅम मॅसीजवळ याच कालव्याचा भराव वाहून गेला. आम्ही मे महिन्यात गेलो तर वाट बंद, कुंपण, लांबूनच बघायचं. भरावाला पडलेलं खिंडार आणि कोरड्या तळाची चिखलपट्टी. मी २०१८ मध्ये पुण्यात दांडेकर पुलाशी फुटलेला मुठा उजवा कालवा दुसऱ्या दिवशी पाहिला होता, तोच वास, मातीचा आणि कुजलेल्या शेवाळाचा. अडीचशे वर्षांच्या कालव्याचं कौतुक करताना हे विसरू नये, की भराव ही जिवंत गोष्ट आहे, घुशींपासून झाडाच्या मुळांपर्यंत सगळे तिला पोखरत असतात.

त्यातही एक गोष्ट आवडली. या कालव्याच्या काठाने ठिकठिकाणी छोट्या हातक्रेन उभ्या आहेत, शेजारी लाकडी फळ्यांची चळत. कालवा फुटला की दोन्ही अंगांना फळ्या खाचेत टाकायच्या आणि तेवढाच तुकडा तोडायचा. अहो, हे तर आपले बर्गे! कोल्हापुरी बंधाऱ्याला टाकतात तेच. जावयांना बर्गे समजावून सांगण्यात रनकॉर्न कधी आलं कळलं नाही.

रनकॉर्नबद्दल थोडक्यात. ड्यूकला मँचेस्टरहून लिव्हरपूलच्या समुद्राकडे जायचं होतं. इथे मर्सीत उतरायला एकावर एक दहा लॉक होते. ते १९६० च्या दशकात बुजवले, त्यामुळे कालवा आता एका भिंतीपाशी येऊन गुमान थांबतो. मधल्या वाटेत सर रिचर्ड ब्रूक नावाच्या जमीनदाराने आपल्या जागेतून कालवा जाऊ द्यायला इतकं ताणलं, की दोन्ही टोकं तयार आणि मधला तुकडा अडलेला, अशी अवस्था. अखेर १७७६ मध्ये जुळलं. ब्रिंडली चार वर्षं आधीच गेलेला. भूसंपादनाची ही कथा मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पैशाची ओढाताणही या काळातलीच. सगळा खर्च दोन लाख वीस हजार पौंडांच्या घरात गेला. कर्ज देणारे तोंड फिरवायला लागले तेव्हा त्यानं तयार झालेला कालवाच चाइल्ड बँकेकडे गहाण टाकून पंचवीस हजार उचलले. स्वतःचा खर्च वर्षाला चारशे पौंडांवर आणला. ड्यूक असून.

शनिवार : लंडन

नुसती आगगाडी आणि पायपीट. नॅशनल गॅलरीत जायचं कारण हेच, की म्हातारपणी या रुक्ष माणसाने चित्रं घेतली. फ्रेंच राज्यक्रांतीत ड्यूक ऑफ ऑर्लियन्सचा संग्रह विकायला निघाला. आपला ड्यूक, भाचा अर्ल गॉवर आणि अर्ल ऑफ कार्लाइल अशा तिघांनी मिळून १७९८ मध्ये तो ४३ हजार पौंडांना उचलला. आवडतील ती ठेवली, उरलेली विकली. त्यांतली टिशियन या जुन्या इटालियन चित्रकाराची, डायना देवीची दोन चित्रं लंडन आणि एडिंबरा इथल्या संग्रहालयांनी मिळून २००९ ला ५ कोटी आणि २०१२ ला साडेचार कोटी पौंडांना घेतली. चित्रातलं मला कळत नाही. सौद्यातलं थोडं कळतं. माल घाऊक घ्या, निवडून ठेवा, बाकीच्यातून पैसे वसूल करा. कोळशाचाच हिशेब.

रविवार : ॲशरिज, लिटल गॅडस्डेन

लंडनहून ट्रिंग, तिथून टॅक्सी. ॲशरिज हे एगर्टनांचं मूळ ठाणं. घराण्याचा कर्ता पुरुष टॉमस एगर्टन, पहिल्या एलिझाबेथ राणीचा आणि मग जेम्स राजाचा न्यायमंत्री, त्यानं १६०४ मध्ये हे घेतलं. आपला ड्यूक इथे कमीच राहिला. आज दिसणारा वाडाही त्याचा नाही, पुढच्या अर्लने बांधलेला.

झाडीच्या टोकाला त्याचा स्तंभ आहे, १८३२ चा, १०८ फूट, आत १७२ पायऱ्या. शनिवार-रविवारी वर जाऊ देतात. गुडघ्यांचा विचार करून ही खाली थांबली. चिंचोळा गोल जिना, वरून उतरणाऱ्यांसाठी थांबून थांबून जायचं. वर वारा, आणि खाली दूरवर सपाट हिरवं खोरं. शिलालेखात त्याला देशांतर्गत जलवाहतुकीचा जनक म्हटलंय. खाली उतरलो तर ही शिलालेख दोनदा वाचून उभी. "बायको-मुलांचं काही नाही," म्हणाली.

नव्हतंच काही. लग्न झालं नाही, ड्यूकपद त्याच्याबरोबर संपलं. मग जे झालं ते खास भाऊबंदकीचं. कालवा आणि खाणी त्यानं विश्वस्तांकडे दिल्या, उत्पन्न मात्र बहिणीच्या मुलाला, म्हणजे त्याच अर्ल गॉवरला, पुढचा मार्क्विस ऑफ स्टॅफर्ड. याची बायको स्कॉटलंडमधल्या सदरलंडची मालकीण. तिथल्या इस्टेटीत मेंढ्यांची कुरणं करायला हजारो कुळांना घरांतून उठवलं, काही घरं जाळली, आणि त्या 'सुधारणे'ला कालव्याचा पैसा उपयोगी पडला. मी धरणग्रस्तांच्या वस्त्यांत पंचनामे केले आहेत. हा भाग वाचून पुस्तक बाजूला ठेवलं होतं.

ड्यूकपदाखालचं अर्लपद मिळालं चुलत घराण्याला. त्यातला सातवा अर्ल १८२३ ला गेला. मृत्युपत्रात अट, की वारसाने मार्क्विस किंवा ड्यूक ही पदवी मिळवली तरच ॲशरिज त्याच्या वंशात राहील. वारस लॉर्ड ऑल्फर्ड पदवीविना १८५१ ला वारला, खटला लॉर्डांच्या सभागृहापर्यंत गेला, आणि १८५३ मध्ये अट लोकहिताविरुद्ध म्हणून रद्द झाली. आठवा अर्ल तर पॅरिसमध्ये राहायचा, कुत्र्यांना कपडे घालून जेवणाच्या टेबलावर पंगतीला बसवायचा. १८२९ मध्ये तो गेला आणि अर्लपदही विझलं. कालव्याचा वंश शेवटी भाच्याच्या धाकट्या मुलाकडे गेला, त्यानं एगर्टन आडनाव घेतलं आणि अर्ल ऑफ एल्समीर झाला. वर्स्लीची नक्षी त्याची.

लिटल गॅडस्डेनचं चर्च गावाबाहेर, शेतात. आत भिंतीभर एगर्टन. संगमरवरी बायका, रडणारी देवदूत-पोरं. आपला ड्यूक घराण्याच्या तळघरात पुरलेला, ज्या भावंडांबरोबर धड वाढलाही नाही त्यांच्याशेजारी. हिने त्याच्या नावाच्या पाटीकडे बघत विचारलं, "आणि तिचं काय झालं हो?"

तिचं फार बरं झालं. १७५९ मध्येच तिने दुसरं लग्न केलं, तो नवरा पुढे ड्यूक ऑफ अर्गाइल झाला. दोन ड्यूकांची बायको आणि, धक्का बसेल, चार ड्यूकांची आई. कालव्याचा पहिला कायदाही त्याच १७५९ च्या मार्चमधला.

"म्हणजे एकाच वर्षी," ही म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव होता. मी बापाचे १७३७ चे कागद पुन्हा काढले, पण तोवर टॅक्सी आली.

सोमवार : पुन्हा स्ट्रेटफर्ड

एक सांगायचं राहिलं. बुधवारी रात्री मी कोणाला न सांगता कालव्याच्या पुलावरच्या पाटीवरचा नंबर लेकीच्या फोनवरून फिरवला होता. पलीकडच्या बाईला माझं इंग्रजी आणि मला तिचं, दोन्ही कष्टाने कळलं. जागा सांगितली, पुलापासून किती पावलं ते सांगितलं, पाणी नितळ आहे हेही सांगितलं. तिने नाव विचारलं, मी हुद्दाही सांगून टाकला. निवृत्त म्हणायचं राहिलं.

आज पहाटे जाऊन पाहिलं. ओलीच्या कडेला हातभर उंचीच्या चार खुंट्या ठोकल्यात, वर निळी फीत बांधलेली, आणि मधोमध एक लहान पांढरा पाइप जमिनीत उतरवलाय, झाकणासकट. मी वाकून झाकण उचललं, आत डोकावलो, परत लावलं. मग खुंट्यांमधलं अंतर पावलांनी मोजलं. ओल मंगळवारएवढीच होती.